आठ काडतुसांची मर्यादा आणि जॉन गॅरंड

दुसऱ्या महायुद्धात उतरलेल्या बड्या राष्ट्रांच्या सैनिकांच्या हाती प्रामुख्याने जुन्याच पद्धतीच्या रायफली होत्या. जर्मन सैनिकाची माउझर असो, जपान्यांची आरिसाका असो वा ब्रिटिशांची ली-एन्फील्ड, प्रत्येक गोळी झाडल्यानंतर बोल्टची मूठ हाताने मागेपुढे करावी लागे. तेव्हाच पुढचे काडतूस नळीत शिरे. भारतीय पोलिसांच्या खांद्यावर पुढे कित्येक दशके दिसलेली .३०३ रायफल याच घराण्यातली. अमेरिकी पायदळाच्या हाती मात्र १९३६ साली स्वीकारलेली एम-१ रायफल होती. तिचा चाप दाबला की गोळी सुटे आणि पुढचे काडतूस आपोआप जागेवर येई. सर्वसामान्य पायदळाला नेहमीचे शस्त्र म्हणून अर्धस्वयंचलित रायफल देणारे त्या युद्धातील एकमेव मोठे राष्ट्र म्हणून अमेरिकेची नोंद झाली ती या रायफलीमुळे. तिचे जनक जॉन गॅरंड यांनी घडवलेल्या या रायफलीत काडतुसे आठच मावत. हा आठचा आकडा कोठून आला आणि तो ओलांडण्यासाठी त्यांना उतारवयात पुन्हा का बसावे लागले, हीच त्यांच्या आयुष्याची खरी कथा आहे.

सूतगिरणीतून कारखान्यात

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सेंट रेमी या गावाजवळ झाला. घर फ्रेंच भाषकांचे आणि बारा भावंडांचे. आईचे निधन झाले तेव्हा जॉन अवघ्या अकरा वर्षांचा होता. त्यानंतर वडिलांनी मुलाबाळांसह सीमा ओलांडली आणि कुटुंब अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ज्युएट सिटी येथे स्थायिक झाले. तेथील सूतगिरणीत जॉन झाडलोटीच्या कामाला लागला. शाळा मागे पडली. इंग्रजी भाषाही त्याने गिरणीतच, कामगारांच्या संगतीत आत्मसात केली.

मात्र फरशी झाडताना त्याचे डोळे यंत्रांवर खिळलेले असत. चाती कशी फिरते, पट्टा कोठून शक्ती आणतो, बिघडलेला मागचा भाग कारागीर कसा दुरुस्त करतो, हे पाहत पाहत तो अठराव्या वर्षी स्वतः यंत्रकारागीर झाला. पुढे प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या अवजारे आणि मापनयंत्रे बनवणाऱ्या नामवंत कंपनीत त्याने काम केले. इंचाच्या हजाराव्या भागाची चूकही खपवून न घेणारी शिस्त तेथे त्याच्या अंगी बाणली. नेमबाजीची गोडी त्याला नेमबाजीच्या एका करमणूक केंद्रात काम करताना लागली होती. यंत्र आणि नेम हे दोन छंद लवकरच एकत्र आले.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली त्या १९१७ साली लष्कराने हलक्या मशीनगनसाठी आराखडे मागवले. गॅरंड यांचा आराखडा युद्धखात्याच्या पसंतीस उतरला. त्यांना वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत नेमण्यात आले. प्रत्यक्ष नमुना तयार होईपर्यंत १९१९ साल उजाडले आणि युद्ध संपून गेले होते. तरीही सरकारने हा माणूस हातचा जाऊ दिला नाही. त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी आयुधनिर्माणीत रुजू झाले. १९२० साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १९५३ साली निवृत्त होईपर्यंत ते याच आवारात राबले.

अट काडतुसांच्या पेटीची

स्प्रिंगफील्डमध्ये त्यांच्यापुढे ठेवलेले काम सोपे नव्हते. सैनिक दिवसभर वागवू शकेल इतकी हलकी, चिखल-पाण्यात न अडणारी आणि पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल लष्कराला हवी होती. गॅरंड यांचे सुरुवातीचे नमुने काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरच्या मागे सरकण्याच्या हालचालीवर चालत. परंतु १९२५च्या सुमारास लष्कराने काडतुसातील दारू आणि रचना बदलली आणि ही कल्पना निरुपयोगी ठरली. अनेक वर्षांची मेहनत बाजूला ठेवून त्यांनी नव्याने आरंभ केला. गोळी नळीतून बाहेर पडताना तिच्यामागे उसळणाऱ्या वायूचा अल्पसा भाग वापरून यंत्रणा मागे ढकलायची, असा नवा मार्ग त्यांनी धरला.

याहून नाजूक प्रश्न काडतुसे ठेवायची कोठे, हा होता. रायफलीखाली बसणारी आणि काढता-घालता येणारी पेटी, म्हणजेच मॅगझिन, त्या काळी अज्ञात नव्हते. ब्राउनिंग यांच्या बीएआर या स्वयंचलित रायफलीला वीस काडतुसांचे मॅगझिन होतेच. लष्करी अधिकाऱ्यांना मात्र सामान्य सैनिकाच्या रायफलीला ते नको होते. मॅगझिन हरवेल, त्यात धूळ जाईल, रायफलीखाली लोंबणारा भाग कवायतीत आणि जमिनीवर पालथे पडून नेम धरताना आड येईल, शिवाय सैनिक काडतुसांची उधळपट्टी करील, अशा शंका होत्या. त्यामुळे मॅगझिन रायफलीतच कायम असावे आणि दस्त्याच्या खाली ते जराही डोकावू नये, असे बंधन पडले.

या बंधनाला गॅरंड यांनी दिलेले उत्तर म्हणजे पत्र्याची क्लिप. काडतुसे दोन रांगांत घट्ट धरून ठेवणारी ही छोटी चिमटी काडतुसांसकट वरून आत दाबायची. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप स्वतःच उडून बाहेर पडे आणि बोल्ट उघडा राहून नव्या क्लिपची वाट पाहत असे. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन यांच्या रायफलीतही याच जातीची क्लिप होती. पेडरसन यांच्या काडतुसांना मेणाचा लेप द्यावा लागे. गॅरंड यांच्या रायफलीला त्याची गरज नव्हती.

दहाचे आठ

त्या वेळी दोन्ही रायफली .२७६ व्यासाच्या नव्या, सडपातळ काडतुसासाठी तयार होत होत्या आणि गॅरंड यांच्या क्लिपमध्ये अशी दहा काडतुसे बसत. १९३२ साली चाचण्यांनंतर निवड मंडळाचा कौल गॅरंड यांच्या बाजूने पडला. परंतु लष्करप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी नवे काडतूस नाकारले. आर्थिक मंदीचे दिवस होते, गोदामांत .३० काडतुसांचा प्रचंड साठा पडून होता आणि मशीनगनही त्याच काडतुसावर चालत होत्या. त्यामुळे रायफल जुन्या काडतुसासाठी बनवावी, असे ठरले. पेडरसन यांची रायफल स्पर्धेतून बाद झाली. गॅरंड यांनी .३०चा नमुना आधीच हाताळलेला असल्याने ते तग धरून राहिले. मात्र जाड आणि लांब काडतुसे त्याच मर्यादेत बसवताना दहाची आठ झाली. गोदामातला साठा आणि दस्त्याबाहेर काही डोकावू न देण्याचा हट्ट, या दोहोंतून हा आकडा आला.

९ जानेवारी १९३६ रोजी ही रायफल एम-१ या नावाने अधिकृत झाली. त्याच वर्षी गॅरंड यांनी आपल्या शोधाचे हक्क अमेरिकी सरकारच्या नावे करून दिले. रायफलीमागे ठरावीक रक्कम मागण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद करून टाकला.

सातव्या काडतुसाचे कोडे

गौरवाचे दिवस लगेच आले नाहीत. कारखान्यातून रायफली बाहेर पडू लागल्या तशा तक्रारीही येऊ लागल्या. नळीच्या तोंडाशी वायू अडवणारी मूळ रचना कमकुवत ठरली आणि नळीलाच बारीक छिद्र पाडून वायू घेण्याची नवी रचना करावी लागली. याहून चमत्कारिक तक्रार सातव्या काडतुसाची होती. सहा गोळ्या सुरळीत सुटत आणि सातव्या वेळी काडतूस तिरपे होऊन अडकत असे. कारागिरांनी हाताने घडवलेल्या आधीच्या रायफलींत हा दोष कधीच दिसला नव्हता. तपासाअंती कारण सापडले. मोठ्या उत्पादनासाठी यंत्रे मांडताना कापणीच्या एका टप्प्यात क्लिपला सरळ धरून ठेवणारी आतली छोटी कड अंशतः कापली जात होती. आराखडा निर्दोष होता. तो यंत्रावर चढवताना बारीक चूक झाली होती. काडतुसे भरण्याच्या यंत्रणेत केसभर फरकही किती महाग पडतो, याचे हे उत्तम उदाहरण ठरले.

दरम्यान मेल्विन जॉन्सन या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या राखीव दलातील अधिकाऱ्याने आपली वेगळी अर्धस्वयंचलित रायफल पुढे आणली. तिचे दहा काडतुसांचे गोल मॅगझिन हवे तेव्हा एकेक काडतूस टाकून भरता येई. गॅरंड यांच्या रायफलीत अर्धवट रिकाम्या क्लिपमध्ये भर घालणे रणांगणावर फार अवघड होते. सैनिक बहुधा उरलेल्या गोळ्या झाडून टाकत आणि नवी क्लिप भरत. या मुद्द्यावर १९४० साली वृत्तपत्रांत आणि अमेरिकी संसदेत खडाजंगी झाली. अखेर चाचण्यांत एम-१ टिकली आणि नौसैनिक दलानेही तिचा स्वीकार केला. तरीही १९४२ साली ग्वाडलकनाल बेटावर उतरलेल्या नौसैनिकांच्या हाती जुन्याच बोल्टच्या रायफली होत्या. त्यांच्या मदतीला आलेल्या लष्कराच्या तुकडीकडे एम-१ होत्या आणि दोहोंतला फरक जंगलातल्या लढाईत सर्वांनी पाहिला.

युद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांच्या आसपास रायफली तयार झाल्या. त्या वेगाचे श्रेयही बरेचसे गॅरंड यांच्याकडे जाते. रायफल आखणाऱ्या या कारागिराने ती घडवणाऱ्या यंत्रांच्या आणि साधनांच्या रचनेतही स्वतः लक्ष घातले होते. जनरल पॅटन यांच्यासारख्या सेनानीने या शस्त्राची मुक्तकंठाने स्तुती केली.

नाकारलेल्या मॅगझिनकडे

युद्धाच्या अनुभवाने लष्कराचे मत पालटले. आठ काडतुसे कमी पडतात, भरण्याची सोय हवी आणि गरज पडल्यास एकामागून एक गोळ्या सुटाव्यात, अशी मागणी पुढे आली. १९४४ साली गॅरंड यांच्याकडे काम आले ते त्यांच्याच रायफलीला वीस काडतुसांचे, काढता-घालता येणारे मॅगझिन बसवण्याचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जे निषिद्ध होते, तेच आता हवे होते.

वरवर पाहता हे तळाला भोक पाडून पेटी अडकवण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात एम-१चा संपूर्ण गाभा क्लिपभोवती रचलेला होता. काडतुसे वर ढकलणारी तरफ, क्लिप बाहेर फेकणारा भाग आणि बोल्ट उघडा रोखून धरणारा खटका हे सारे एकमेकांत गुंतलेले होते. क्लिप गेली की या साखळीतल्या कड्याही निरर्थक होत. मॅगझिन पकडणारी नवी कडी, बोल्ट रोखणारा नवा खटका यांची जुळणी नव्याने करावी लागली. बोल्टला मागे जायला अधिक वाव मिळावा म्हणून रायफलीचा मुख्य सांगाडाही किंचित लांबवला गेला. बीएआरच्या धर्तीवरचे मॅगझिन लावलेला हा नमुना टी-२० नावाने ओळखला गेला. १९४५च्या मे महिन्यात जपानवरील नियोजित स्वारीसाठी त्याच्या एक लाख रायफलींचा निर्णय झाला. ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि ती मागणी रद्द झाली. मोजकेच नमुने तयार झाले होते.

तरीही ते काम वाया गेले नाही. टी-२०च्या वंशातूनच पुढे वीस काडतुसांच्या मॅगझिनची एम-१४ रायफल आली आणि १९५७ साली अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली. अटलांटिकच्या पलीकडे इटलीतही तोच विचार झाला. परवान्यानुसार एम-१ बनवणाऱ्या बेरेटा कंपनीने तिलाच वीस काडतुसांचे मॅगझिन बसवून १९५९ साली बीएम-५९ ही रायफल तयार केली. दोन्ही ठिकाणी बोल्ट आणि वायूची मूळ कल्पना गॅरंड यांचीच होती. बदलला तो प्रामुख्याने काडतुसांचा मार्ग.

न मिळालेली रक्कम

कोरियन युद्धात एम-१चे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीही त्यात सामील झाली. एकूण संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली. या प्रत्येक रायफलीमागे गॅरंड यांच्या खिशात एक पैसाही आला नाही. सरकारी नोकराचा पगार हीच त्यांची कमाई होती. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत, असे विधेयक अमेरिकी संसदेत मांडले गेले. ते संमत झाले नाही. १९४४ साली मेडल फॉर मेरिट हा सन्मान मात्र त्यांना लाभला. स्वभावाने ते अबोल होते आणि कामाबाहेर बर्फावरील स्केटिंगचे वेडे होते. हिवाळ्यात त्यांनी घराच्या दिवाणखान्यातच पाणी गोठवून स्केटिंगची सोय केली होती, अशी आख्यायिका सांगितली जाते.

१९५३ साली ते निवृत्त झाले तेव्हा टी-३१ हा अगदी निराळ्या घडणीचा त्यांचा शेवटचा नमुना अपुराच राहिला. १९६८ साली स्प्रिंगफील्डची आयुधनिर्माणीही बंद झाली. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याच शहरात गॅरंड यांनी जगाचा निरोप घेतला. निर्माणीच्या इमारतीत पुढे संग्रहालय उभे राहिले. एम-१ रणांगणावरून निवृत्त झाली असली तरी अमेरिकेत सैनिकांना अखेरची मानवंदना देणाऱ्या अनेक पथकांच्या हाती ती दिसते. झाडू हाती घेऊन कारखान्यात शिरलेल्या या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांनी घातलेल्या अटींत राहून काम केले. अटी बदलल्या तेव्हाही, कुरकुर न करता, तो पुन्हा कानशीस घेऊन बसला.