तीन मिनिटांच्या तबकडीतले बालगंधर्व
नागठाणे (ता. पलूस) : नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांचं हे गाव. जन्म १८८८चा. १९०५ला ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ला गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९११ला ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशी लेक वारली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले.

नाटकात वन्समोअर पडले की पद रंगत, लांबत जायचं. तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात ताना, आलाप सगळं बसवायचं. म्हणून रेकॉर्डवरून त्यांचं नाटक मोजू नये. १९६७ला ते गेले, रेकॉर्ड उरल्या. मोबाईलवर ऐकताना खरखर सोडा, शब्द किती स्वच्छ आणि स्वर किती हळुवार लागतो ते बघा.