नायडूंचे धाडस आणि त्याचा हिशेब

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच नागपूरला आणला. त्या अंतिम सामन्यात अकोल्याचा एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे विदर्भाकडून खेळला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील तो त्याचा पहिलाच सामना होता. साऱ्या मोसमाचे श्रम ज्या एका सामन्यावर टांगलेले असतात, त्यात कोऱ्या पाटीच्या मुलाच्या हाती चेंडू देणे हा व्यवहारी मनुष्याला सुचणारा मार्ग नव्हे. विदर्भ जिंकला म्हणून त्या निर्णयाचे कौतुक झाले. हरला असता तर अमरावती-अकोल्याच्या चहाच्या टपऱ्यांवर त्याच निर्णयाला पोरखेळ म्हटले गेले असते. निर्णय तोच, त्या वेळी हाती असलेली माहितीही तीच. बदलला असता तो केवळ निकाल. परंतु निर्णयाचे मोल निकालावरून ठरविण्याची आपली सवय फार जुनी आहे, आणि तिचा जाच ज्यांना आयुष्यभर झाला त्यांत याच प्रांतातील एका पुरुषाचे नाव अग्रभागी आहे. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू हे ते नाव.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, वडील वकील, शिक्षण हिस्लॉपमध्ये. वऱ्हाड आणि मध्यप्रांत त्या काळी एकाच कारभाराखाली होते, आणि पुढे नायडू मध्यप्रांत व वऱ्हाडच्या संघाकडूनही खेळले. तेव्हा वऱ्हाडाने त्यांना आपले म्हटले तर त्यात अतिक्रमण नाही. १९१६ साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले. पहिले काही चेंडू त्यांनी अडविले आणि नंतर आपले खाते उघडले ते षटकाराने. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातील पहिला भाग विसरला जातो. आधी त्यांनी चेंडू अडविले होते. गोलंदाज कसा आहे, खेळपट्टी कशी आहे, हे पाहून घेतल्यावरच बॅट फिरली. नायडूंच्या धाडसाचे सारे रहस्य या क्रमात आहे.

नागपूरने त्यांना जन्म दिला, खेळ शिकविला, पण पोट भरण्याची सोय केली नाही. ती केली इंदूरच्या होळकर दरबाराने. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले. खेळाडूला संस्थानची नोकरी हा त्या काळचा आश्रय होता. या आश्रयाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्याची भाकरी उद्याच्या धावांवर अवलंबून नाही, तोच आज उंच फटका मारण्याची जोखीम घेऊ शकतो. विमा उतरविलेला शेतकरी नवे बियाणे पेरून पाहतो, कर्जात बुडालेला पाहत नाही, तशातलाच हा प्रकार.

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. गोऱ्या साहेबाचा खेळ साहेबापेक्षा जोमाने एक काळा मनुष्य खेळतो आहे, हे दृश्य पाहायला झाडांवर आणि घरांच्या छपरांवर माणसे चढली होती म्हणतात. या खेळीने सामना जिंकला नाही. पण भारतीय संघ कसोटीच्या योग्यतेचा आहे अशी गिलिगन यांची खात्री पटली, आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात तो हाच. करणाऱ्याच्या खतावणीत त्याची नोंद होत नाही.

आता कर्णधार म्हणून त्यांच्या वाट्याला काय आले ते पाहू. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. खेळात आपली गती किती हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता, म्हणून ते कसोटीतून बाजूला राहिले. उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी दुखापतीने बसले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नागपूरच्या वकिलाच्या मुलाकडे आले. राजेरजवाड्यांच्या सावलीत वाढलेल्या काही खेळाडूंना हे रुचले नाही. इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत गेले होते, तरी शेवटी भारत १५८ धावांनी हरला. क्षेत्ररक्षणात हात दुखावलेला असताना नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या; त्या डावात त्याच सर्वाधिक होत्या. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा काढल्या, ६५ बळी घेतले, आणि १९३३ च्या विस्डेनने वर्षातील पाच खेळाडूंत त्यांची गणना केली. १९३३-३४ मध्ये जार्डिनचा संघ भारतात आला तेव्हा तिन्ही कसोट्यांचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. दोन हरल्या, एक अनिर्णित राहिली. एकूण चार कसोट्या आणि विजय एकही नाही. धाडसी नेतृत्वाची थोरवी गाणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये.

मात्र तो आकडा वाचावा कसा, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत त्यांच्या धाटणीचा फुटबॉल खेळतात. त्यात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तीन प्रयत्न फसले की चौथ्याच्या वेळी प्रशिक्षकापुढे पेच उभा राहतो: चेंडू लाथेने दूर धाडून संकट टाळावे, की उरलेल्या अंतरासाठी धडक मारावी? डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तेथील व्यावसायिक सामन्यांचा हिशेब मांडून दाखविले की, धडक मारणे फायद्याचे असतानाही प्रशिक्षक बहुधा लाथ मारून मोकळे होतात. कारण शोधायला फार दूर जायला नको. रूढ मार्गाने हरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. वेगळ्या मार्गाने हरणाऱ्याची नोकरी जाते. आपल्याकडील कचेऱ्यांत फायलीवर शेरा मारताना किंवा शाळेत नवी पद्धत सुरू करताना हीच भीती लेखणी मागे ओढते, हे कारकुनाला आणि शिक्षकाला सांगण्याची गरज नाही.

त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. दुबळ्या पक्षाला जोखीम परवडते, किंबहुना तिच्यावाचून त्याला गती नसते. कारण शांतपणे, सारे काही नेहमीप्रमाणे घडत गेले तर तो हरणार हे ठरलेलेच असते. बलवान पक्षाचे हित मात्र अघटित टाळण्यात असते. १९३२ चा भारत दुबळा होता. नायडू चेंडू टोलवीत ते केवळ स्वभावाने नव्हे.

याची साक्ष होळकर संघ देतो. १९४४-४५ पासूनच्या अकरा मोसमांत या संघाने दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. त्या काळाच्या बहुतेक भागात सूत्रे नायडूंच्या हाती होती. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबई समोर होती आणि मुंबईचे कर्णधार होते विजय मर्चंट, म्हणजे सावधपणाचा मूर्तिमंत पुतळा. पहिल्या डावात मुंबईच्या ४६२ आणि होळकरांच्या ३६० धावा झाल्या. १०२ धावांची आघाडी हाती असूनही मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यांत मर्चंटांच्या एकट्याच्या २७८ होत्या. होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य आले. डेनिस कॉम्प्टन त्या वेळी होळकरांकडून खेळत होते. त्यांनी नाबाद २४९ केल्या, तरी संघ ४९२ वर संपला. मर्चंटांच्या या कंजूषपणाची टवाळी झाली आहे. पण सामना वेळेच्या बंधनावाचून निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. जेथे वेळ फुकट मिळतो तेथे डाव लवकर घोषित करून कोणती बचत होणार? मर्चंट भित्रे नव्हते, नियम वाचणारे होते.

आणि पुढल्याच मोसमात नायडूंनी तोच धडा गिरविला. म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा जणांची शतके झाली, आणि त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या कर्णधाराचेही एक होते. बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात याच कर्णधाराने २०० धावा काढल्या आणि करंडक इंदूरला नेला. म्हैसूरच्या गोलंदाजांना त्या दिवसांत नायडू धाडसी वाटले असतील असे नाही. ते निर्दय वाटले असतील.

या दोन वृत्तींचा मेळ एकदाच, पण अविस्मरणीय रीतीने, जुळला तो मँचेस्टरला. जुलै १९३६ मध्ये भारत पहिल्या डावात ३६८ धावांनी मागे होता. नायडूंनीच इंदुरात हेरून तयार केलेले मुश्ताक अली आणि मर्चंट सलामीला आले आणि २०३ धावांची भागीदारी झाली. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. एक पुढे सरसावून फटके मारीत होता, दुसरा पाय रोवून उभा होता, आणि कसोटी वाचली.

त्या दौऱ्याचे कर्णधारपद नायडूंना नव्हते. ते विजयानगरमच्या महाराजकुमारांनी मिळविले होते, आणि खेळाच्या बळावर मिळविले होते असे त्यांचे मित्रही म्हणाले नसते. लाला अमरनाथांना दौरा अर्धा असतानाच घरी पाठविण्यात आले. संघात गट पडले. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत गबी ॲलनचा चेंडू छातीवर आदळल्यानंतरही चाळीस वर्षांच्या नायडूंनी ८१ धावा केल्या. ती त्यांची शेवटची कसोटी. सात कसोट्या, ३५० धावा, सरासरी बरोबर २५.

नायडूंची बाजू घेताना त्यांच्या स्वभावातील काठिण्य वगळता येत नाही. शिस्त त्यांना प्राणापलीकडे प्रिय होती. तरुण खेळाडू त्यांच्यासमोर बोलायला धजत नसत, आणि दुखापत झाली म्हणून मैदान सोडणे त्यांना जवळजवळ नैतिक अपराध वाटे. ज्या पुढाऱ्यापुढे तोंड उघडता येत नाही, त्याच्या संघात नवी कल्पना सुचविणार कोण? जोखमीचा हक्क त्यांनी बहुधा स्वतःपाशीच राखला होता.

प्रथम श्रेणीत त्यांच्या ११,८२५ धावा आणि ४११ बळी आहेत. सरासरी ३५.९४, मर्चंटांची ७१.६४. सरासरी हे मापच मर्चंटांच्या प्रवृत्तीचे आहे. आणि माप कसे असते तसा खेळ घडतो. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरवायचा, हा रणजी स्पर्धेचा नियम पाहा. २०२५ साली नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. अकोल्याच्या पोराला थेट अंतिम सामन्यात उतरविणारा विदर्भ आणि आघाडी मिळाल्यावर ती जपून पाचवा दिवस संपविणारा विदर्भ हे दोन वेगळे संघ नव्हेत.

१९५६ साली नायडूंना पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ च्या मोसमात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. राजस्थानविरुद्ध ८४ धावा करताना त्यांनी विनू मंकड यांना दोन षटकार मारले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी काही वर्षे, अडुसष्टाव्या वर्षी, मदतनिधीसाठी भरविलेल्या एका सामन्यात ते बॅट घेऊन शेवटचे उतरले होते. तो सामना नागपूरला झाला.