खरखरीमागचा माणूस

तर झालं असं, की पाचव्या सेमिस्टरला डीएसपीच्या मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपच्या वाट्याला नॉइज रिडक्शन हा विषय आला. (आला म्हणजे काय, बरे विषय आधीच संपले होते.) चांगल्या गाण्यात कॉम्प्युटरनेच खरखर मिसळायची आणि मग आपणच ती काढून दाखवायची, असा आमचा साधासोपा बेत होता. मॅडमनी तो पहिल्याच दिवशी हाणून पाडला. चोरही तुम्ही आणि पोलीसही तुम्हीच, हे चालणार नाही. खरी जुनी रेकॉर्डिंग आणा, म्हणाल्या. शोधता शोधता १९३०च्या दशकातल्या चेलोवादनाच्या तबकड्यांच्या फाइल्स हाती लागल्या. एकच वाद्य, साथीला दुसरं काही नाही. स्पेक्ट्रम वाचायला एकदम सोपा! वाजवणारा कोण आणि वाजवतोय काय, याच्याशी आम्हाला काडीचंही देणंघेणं नव्हतं.

७८ आरपीएमच्या तबकडीवर एखादा ओरखडा असेल, तर तो दर ०.७७ सेकंदाला टक् करून वाजतो. तो ओळखून काढणं जमलं. सततची खरखर काढायला सुई टेकल्यापासून वादन सुरू होईपर्यंतचा तुकडा नमुना म्हणून घेतला आणि तेवढा स्पेक्ट्रम सगळीकडून वजा केला. ग्राफ काय देखणा आला! जर्नलमध्ये चिकटवावा असा. मग हेडफोन लावला, तर वाद्य मेलेलं. गज तारेवर टेकताना जी बारीकशी खरड होते, ती आणि तबकडीची खरखर बऱ्याच अंशी एकाच फ्रिक्वेन्सीत राहतात. खरखरीसोबत आम्ही गजही काढून टाकला होता. काय काय गेलं हे बघायला म्हणून मी रात्री मूळ फाइल लावली आणि दोन वाजेपर्यंत तीच ऐकत बसलो. फाइलच्या नावात एक नाव होतं, पाब्लो कासाल्स. पुढचे चार दिवस सबमिशन सोडून मी या माणसाबद्दल वाचत होतो. आता त्याचा एकेरी उल्लेख करणार आहे, जाणत्यांनी राग मानू नये. आपण सचिनलाही ‘तो’च म्हणतो.

२९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनच्या कॅटलोनिया भागातल्या एल व्हेंड्रेल या गावी तो जन्मला. घरच्या कॅटलान भाषेत त्याचं नाव पाऊ. त्या भाषेत पाऊ म्हणजे शांतताही. बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्यामुळे सूर घरातच होते. पण पोटासाठी पोराने सुतारकी शिकावी असं बापाचं मत. आई पिलार मात्र हटून बसली. (आपल्याकडे वडील इंजिनिअरिंग म्हणतात आणि आईसुद्धा इंजिनिअरिंगच म्हणते, हा फरक लक्षात घ्यावा.) लहानपणी त्याच्याकडे भोपळ्याचं केलेलं तंतुवाद्य होतं. खरा चेलो त्याने अकराव्या वर्षी ऐकला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात, सर्वात खालची तार साधारण ६५ हर्ट्झची. त्याच सुमारास आईने त्याला बार्सिलोनाच्या संगीत शाळेत नेऊन घातलं. तिथे त्या काळी उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालवायला शिकवत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहतं. या पोराने पुस्तक टाकून हात मोकळा केला आणि डाव्या हाताची बोटंही स्वतःच्या पद्धतीने फाकवून टाकायला लागला. पुढे सगळं जग तसंच वाजवू लागलं.

शिकत असतानाच पैशांसाठी तो एका कॅफेत वाजवायचा. १८९०मध्ये, तेरा वर्षांचा असताना, वडील भेटायला आले. त्या दिवशी त्यांनी त्याला पहिला पूर्ण मापाचा चेलो घेऊन दिला आणि कॅफेत वाजवायला काही नवीन मिळतंय का बघायला बापलेक बंदराजवळच्या जुन्या नोटेशनच्या दुकानात शिरले. ढिगात एक जुनी प्रत सापडली. जर्मन संगीतकार बाख याने १७२०च्या आसपास एकट्या चेलोसाठी रचलेले सहा सूट. सूट म्हणजे डिस्काउंट नव्हे आणि कोट-पँटही नव्हे! नाचांच्या चालींवर बांधलेल्या छोट्या रचनांची एक माळ. प्रत्येकी सहा भाग, एकूण छत्तीस. बाखच्या हातची मूळ प्रत हरवलेली. त्याच्या बायकोने केलेली नक्कल मात्र उरली. हे सूट कोणाला ठाऊकच नव्हते असं नाही. पण लोक त्यांना हात बसवायचे धडे समजत. जाहीर कार्यक्रमात फार तर एखादा तुकडा वाजवत.

पोरगा ती प्रत घेऊन घरी आला आणि बारा वर्षं त्याने त्यांचा रियाज केला. बारा! त्याआधी एकही सूट लोकांसमोर वाजवला नाही. आपल्याकडे गुरुगृही बारा वर्षं काढल्याच्या गोष्टी सांगतात, त्यांत थोडी फोडणी असते असं मला नेहमी वाटायचं. इथे तर सांगायला गुरूही नव्हता. मग तो अख्खे सूट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू लागला, एखादी पूर्ण बैठक असावी तसे. आज जगातला प्रत्येक चेलोवाला या सूटांवर जोखला जातो, ती रीत इथून सुरू झाली.

मधला काळ भराभर सांगतो, कारण यशाच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. पॅरिसला पहिल्यांदा गेला तेव्हा इतके हाल होते, की आईने स्वतःचे लांब केस कापून विकले. १८९९मध्ये मात्र पॅरिस आणि लंडन दोन्हीकडे नाव झालं, व्हिक्टोरिया राणीपुढे वादन झालं. १९०१च्या अमेरिका दौऱ्यात डोंगर चढताना वरून धोंडा आला आणि डाव्या हाताचं बोट चेचलं. तेव्हा पहिला विचार काय आला, तर आता चेलो वाजवावा लागणार नाही, सुटलो! हे त्याने स्वतःच पुढे कबूल केलंय. रोज वाजवणं हे त्याला ओझंही होतं. मला हा प्रसंग बारा वर्षांच्या रियाजापेक्षा जवळचा वाटतो.

व्हायोलिनवर थिबो, पियानोवर कोर्तो आणि चेलोवर हा, असं त्रिकूट १९०६च्या सुमारास जमलं. तिघांच्या १९२६ ते १९२८ दरम्यानच्या तबकड्या जरूर ऐका, विशेषतः शुबर्टचं बी फ्लॅट त्रिकूट. कोण पुढे आणि कोण साथीला हे शेवटपर्यंत कळत नाही. कट्ट्यावर तीन जुने दोस्त बोलत बसावेत तसं चाललेलं असतं. बार्सिलोनात त्याने पदरमोड करून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि कामगारांसाठी नाममात्र वर्गणीत मैफली सुरू केल्या.

१८ जुलै १९३६. बीथोवनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना निरोप आला, की लष्कराने बंड केलंय, कार्यक्रम रद्द, घरी जा. पुन्हा कधी एकत्र येऊ कुणास ठाऊक, म्हणून वादकांनी आणि गायकांनी शेवटचा भाग पूर्ण करूनच हॉल सोडला. स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. कासाल्स उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूचा. फ्रँकोच्या एका सेनापतीने रेडिओवरून त्याचे हात तोडण्याची धमकी दिली, असं त्याने आठवणींत सांगितलंय.

आणि याच तीन वर्षांत त्या तबकड्या झाल्या. एचएमव्हीचा फ्रेड गायसबर्ग त्याच्या मागे लागला होता. हा गायसबर्ग म्हणजे १९०२मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानचं गाणं मुद्रित करणारा तोच. कासाल्स आता साठीला आलेला. १९१५मध्ये त्याने काही सुटे भाग कर्ण्यासमोर वाजवून मुद्रित केले होते, पण सगळे सूट कधीच नाही. नोव्हेंबर १९३६मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत दुसरा आणि तिसरा सूट झाला. पहिला आणि सहावा जून १९३८मध्ये पॅरिसला. चौथा, पाचवा जून १९३९मध्ये, पुन्हा पॅरिसला.

तंत्र काय होतं हे आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावं. मायक्रोफोन होता, पण टेप नव्हती. आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जायचा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं. एडिटिंग नाही, कंट्रोल झेड नाही. चार मिनिटं दहा सेकंदांना सूर चुकला, तर चकती बाद आणि पुन्हा पहिल्यापासून. एखादा भाग लांब असेल तर मध्येच तोडायचा आणि दुसऱ्या बाजूवर त्याच भावात पुन्हा उचलायचा. अशा साडेचार मिनिटांच्या तुकड्यांतून दोन तासांहून जास्त संगीत उभं राहिलं. आजच्या वादकांशी तुलना केली तर गज काही ठिकाणी घासतो, सूर कुठे कुठे जरा इकडेतिकडे होतो. मला वाटतं ते राहू द्यावं.

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर १९३८मध्ये त्याने बार्सिलोनात मैफल केली आणि मध्यंतरात रेडिओवरून जगाकडे मदत मागितली. मदत काही आली नाही. २६ जानेवारी १९३९ला बार्सिलोना पडलं. जूनमध्ये हा माणूस, ज्याला आता घर नाही, देश नाही, पॅरिसच्या स्टुडिओत बसून पाचवा सूट वाजवतोय. त्यातला सारबांद नावाचा भाग ऐका. एका वेळी एकच सूर, दोन तारा एकत्र कुठेच नाहीत. त्यात निर्वासिताचं दुःख ऐकू येतं असं मी म्हणणार नाही, कारण तारीख माहीत असल्यावर काय वाट्टेल ते ऐकू येतं. पण तारीख मला कळली नव्हती त्या रात्रीही मी नेमका हाच भाग तीनदा लावला होता.

त्यानंतर तो फ्रान्सच्या सीमेवरच्या प्राद गावी राहिला. जवळच छावण्यांत हजारो स्पॅनिश निर्वासित सडत होते. त्यांच्यासाठी पत्रं लिही, पैसे जमव, कपडे पाठव, हेच काम. १९३३पासून जर्मनीत न वाजवण्याचा नेम होता; नाझी अधिकारी घरी येऊन बर्लिनचं आमंत्रण देऊन गेले, तरी मोडला नाही. कोर्तोने मात्र जर्मनांशी जुळवून घेतलं आणि जुनी मैत्री तुटली.

१९४५मध्ये युद्ध संपलं. कासाल्स इंग्लंडला गेला, लोकांनी डोक्यावर घेतलं. हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता फ्रँकोही जाणार, असं त्याने धरलं होतं. दोस्त सरकारांनी फ्रँकोला हात लावला नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने देऊ केलेल्या पदव्या त्याने नाकारल्या, प्रादला परतला आणि जाहीर वादन बंद केलं. वय ६८. वादकाच्या आयुष्यात यानंतर किती वर्षं उरतात? ती त्याने अशी मिटून ठेवली. त्या काळात बाहेरच्या जगात त्याच्या तबकड्या तेवढ्या वाजत होत्या.

तो येत नाही म्हटल्यावर १९५०मध्ये लोकच प्रादला गेले. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली होती. अलेक्झांडर श्नायडर या व्हायोलिनवादकाच्या खटपटीने गावच्या चर्चमध्ये महोत्सव भरला आणि कासाल्सने सुरुवात केली ती पहिल्या सूटने. १९५८मध्ये कोर्तोही प्रादला येऊन त्याच्याबरोबर वाजवून गेला. तेव्हा दोघांचं वय ऐंशीच्या पुढे.

यावर माझ्या रूममेटशी मोठा वाद झाला. त्याचं म्हणणं, एका माणसाने चेलो वाजवला नाही म्हणून हुकूमशहाला काय फरक पडला? नुकसान ऐकणाऱ्यांचं. आणि नेम होता तर १९६१मध्ये केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये कसा वाजवला, अमेरिका तर फ्रँकोची मित्र! मुद्दा बिनतोड आहे. केनेडींकडून आशा वाटत होती म्हणून गेला, एवढंच उत्तर मिळतं आणि ते मला पुरत नाही. मी फक्त एवढं म्हणालो, की फरक पडणार नाही हे त्यालाही पाचदहा वर्षांत कळलं असणारच, तरी फ्रँको असेपर्यंत स्पेनमध्ये राहायला परतायचं नाही हे त्याने शेवटपर्यंत पाळलं. रूममेट म्हणाला, हट्टी होता. असेल.

शेवटची वर्षं आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोत गेली. १९७१मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांसाठी रचलेलं गीत त्याने न्यूयॉर्कला स्वतः संचालन करून सादर केलं आणि मग पक्ष्यांवरचं एक कॅटलान लोकगीत चेलोवर वाजवलं. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी तो गेला. फ्रँको गेला त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७५मध्ये. १९७९मध्ये कासाल्सचं शव एल व्हेंड्रेलला आणून तिथे पुरण्यात आलं.

प्रोजेक्टचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही टकटक काढली, खरखर थोडीशीच कमी केली आणि थांबलो. व्हायवाला एक्स्टर्नलनी ग्राफ बघून विचारलं, की एवढा नॉइज ठेवलात कसा? गज जातो सर, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून बघितलं नाही. पंचवीसपैकी सोळा.