क्लोद बेर्नार

क्लोद बेर्नार (१२ जुलै १८१३ – १० फेब्रुवारी १८७८) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थांचे विघटन करतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. खाद्यतेलाच्या शुद्धीकरणात आज विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा, जो उपयोग होतो, त्याच्या पूर्वेतिहासात या शोधाला महत्त्व आहे.

जीवन

बेर्नार यांचा जन्म फ्रान्समधील सें-झ्युलियां या गावी द्राक्षबागाईतदाराच्या कुटुंबात झाला. लियों येथे औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असताना त्यांनी नाट्यलेखन केले. नाटककार होण्यासाठी ते पॅरिसला गेले. तेथे एका समीक्षकाच्या सल्ल्याने ते वैद्यकाकडे वळले. पुढे फ्रांस्वा माझांदी यांचे ते साहाय्यक झाले. १८४५ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नीने आणलेल्या हुंड्याचा संशोधनास आधार मिळाला. मात्र जिवंत प्राण्यांवरील प्रयोग तिला मान्य नव्हते. अखेर दोघे विभक्त झाले.

स्वादुपिंडावरील संशोधन

सशामध्ये स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या बरीच खाली आतड्यात उघडते. स्निग्ध आहारानंतर सशाच्या आतड्यालगतच्या लसीकावाहिन्या या नलिकेच्या खालीच दुधाळ होतात, हे बेर्नार यांनी टिपले. मेदाच्या पचनास हाच रस कारणीभूत असल्याचे त्यांनी ताडले. शरीराबाहेरही हा रस तेलात मिसळल्यास पायस तयार होते आणि मेदाम्ले सुटी झाल्याने मिश्रण आम्लधर्मी बनते. हे कार्य करणारे विकर पुढे लायपेज या नावाने ओळखले जाऊ लागले.

इतर कार्य

यकृतातील ग्लायकोजेनचा शोधही त्यांनी लावला. प्रायोगिक वैद्यकाची तत्त्वे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

तेलशुद्धीकरणाशी संबंध

मराठवाड्यात परभणीसह अनेक जिल्ह्यांत पिकणाऱ्या सोयाबीनच्या कच्च्या तेलात फॉस्फोलिपिडे हे चिकट पदार्थ असतात. ते काढण्याच्या रासायनिक पद्धतीत आम्ल व अल्कली वापरतात. त्यातून साबणयुक्त गाळ आणि सांडपाणी निर्माण होते व काही तेल वाया जाते. फॉस्फोलिपेज हे विकर त्या पदार्थांचे विघटन करून त्यांना पाण्यात सहज वेगळे होण्याजोगे बनवते. त्यामुळे अल्कली, सांडपाणी आणि तेलाची हानी कमी होते. १९९० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या पद्धतीत हे विकर प्रथम डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळवले जाई. नंतर ते सूक्ष्मजीवांपासून तयार होऊ लागले आणि प्राण्यांच्या अवयवांची गरज उरली नाही.