बच्छावत लवादातले बच्छावत कोण होते? कृष्णेच्या 78 वर्षांच्या नोंदींवर पाणीवाटप करणारे न्यायमूर्ती

सांगली/सातारा : टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर... पाण्याचा विषय निघाला की भाषणात बच्छावत लवादाचं नाव येतंच. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला माहीत नाही.

रणधीर सिंग बच्छावत हे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश. 1964 मध्ये ते सुप्रीम कोर्टात आले. 1967 चा गोलकनाथ खटला देशभर गाजला. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येतो का, हा प्रश्न होता. 11 पैकी 6 न्यायाधीशांनी नाही म्हटलं, बच्छावत उरलेल्या 5 जणांत होते. पुढे 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टानंच तो बहुमताचा निकाल रद्द ठरवला. लवादाच्या कायद्यावरचं बच्छावत यांचं पुस्तकही वकीलमंडळींत नावाजलेलं आहे.

नदीचं जुनं दप्तर

10 एप्रिल 1969 रोजी कृष्णा लवाद नेमला गेला आणि बच्छावत अध्यक्ष झाले. महाराष्ट्र, म्हैसूर (आताचं कर्नाटक) आणि आंध्र प्रदेश भांडत होते. सामाईक विहिरीवर भावाभावांची पाळी लावायची, तर आधी विहिरीत पाणी किती ते बघावं लागतं. तसंच इथं झालं.

आधार होता नदीच्या नोंदींचा. विजयवाड्याला कृष्णेतून वर्षाला किती पाणी गेलं, याचे 1894-95 ते 1971-72 असे 78 वर्षांचे आकडे मांडले गेले. वरच्या भागात वापरलेलं पाणीही त्यात मिळवलं. चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल असं पाणी 2060 टीएमसी निघालं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा आकडा तिन्ही राज्यांनी मान्य केला.

डिसेंबर 1973 मध्ये पहिला अहवाल आला, 1976 मध्ये अंतिम. महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, आंध्रला 800 टीएमसी. शेतातून झिरपून परत नदीत येणाऱ्या पाण्याचा वाटा वेगळा. गोदावरी लवादाचे अध्यक्षही बच्छावतच होते, त्याचा निवाडा 1980 चा.

चौथं वर्ष

चारपैकी तीन वर्षं पाणी मिळणार, म्हणजे एखादं वर्ष तुटीचं जाणार, हे या हिशेबातच आहे. हाच नदीचा दुष्काळ. तो पावसाच्या दुष्काळापेक्षा वेगळा. माण-खटावात पाऊस नसला, पण महाबळेश्वर-कोयनेला धो-धो पडला तर कृष्णा भरून वाहते आणि उपसा योजना चालतात. उलट गावात दोन सरी बऱ्या झाल्या, पण घाटमाथा कोरडा राहिला, तर उन्हाळ्यात पंपाला पाणी कमी पडतं. हे पर्जन्यमापकावर दिसत नाही. त्यासाठी नदीचा प्रवाहच वर्षानुवर्षं मोजावा लागतो.

लवादाच्या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर करता येणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवायचं म्हणून 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं. पुढच्या ब्रिजेशकुमार लवादानं 1961-62 पासूनची 47 वर्षं धरली आणि 2010 मध्ये महाराष्ट्राचा वाटा 666 टीएमसी केला. तो निवाडा सुप्रीम कोर्टात अडकला. कोणती वर्षं धरायची, यावर वाटा कमी-जास्त होतो, हे यावरून कळतं.

पुरात आपण सगळे आयर्विन पुलाची पातळी मोबाईलवर तासातासाला बघतो. मार्च-एप्रिलमध्ये मात्र कोणी बघत नाही. पाण्याचा वाटा ठरवताना त्या कोरड्या महिन्यांचीही नोंद लागते. येरळा, माण, अग्रणीच्या काठच्या ग्रामसभांनी आपल्या नदीचं पाणी कधी आटलं, एवढं जरी दरसाल वहीत लिहून ठेवलं, तरी पुढं पाण्याची मागणी करताना हातात काहीतरी असेल.