लोकशाहीचा सावध पहारेकरी

कार्ल लोवेनस्टाइन यांचा जन्म १८९१ मध्ये म्युनिक येथे झाला. तेथेच वकिली आणि अध्यापन सुरू असताना १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या लोवेनस्टाइन यांना मायदेश सोडावा लागला. अमेरिकेत येल व पुढे ॲम्हर्स्ट येथे त्यांनी लोकशाह्या का कोसळतात, याचा शोध घेतला. लोकशाहीने दिलेली स्वातंत्र्येच तिचे शत्रू तिच्याविरुद्ध वापरतात, हे ओळखून १९३७ मध्ये त्यांनी ‘लढाऊ लोकशाही’ची संकल्पना मांडली. पश्चिम जर्मनीच्या १९४९च्या राज्यघटनेत पक्षबंदीची तरतूद आली. १९५२ मध्ये नवनाझी, तर १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर ती लागू झाली. १९७३ मध्ये लोवेनस्टाइन निवर्तले. स्वातंत्र्य राखण्यासाठी त्यालाच किती मुरड घालावी, हा त्यांनी मागे ठेवलेला पेच मात्र आजही कायम आहे.