प्राचार्य बाबासाहेब

घटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्राचे प्रवर्तक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण सदैव अभिवादन करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे तुलनेने दुर्लक्षित राहिलेले रूप आम्हांस मांडावेसे वाटते. ते म्हणजे शिक्षणसंस्थेच्या प्रशासकाचे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी शाळेत अस्पृश्यतेचे चटके सोसले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आल्यावर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शाळेचे उघडे दारही गरिबाच्या मुलाला बंदच असते, हे त्यांनी जाणले होते.

मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी गळतीचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचत होती. किती मुले आली यापेक्षा किती टिकली, ही त्यांची कसोटी होती.

१९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. केवळ दैनंदिन कारभारात न गुंतता त्यांनी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर सविस्तर लेख लिहिला. आपल्या विषयाचा अभ्यासक्रम कसा असावा, याचा विचार करणे हे त्यांनी प्राचार्याचे कर्तव्य मानले.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. म्हणजे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या जगण्याप्रमाणे बदलले. १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. त्यालाच पुढे मिलिंद हे नाव मिळाले व परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची नावे शिक्षणाच्या परिसराला देण्यामागील दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. या संस्थांची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती आणि अध्यापक निवडताना जात नव्हे, पात्रता पाहिली जाई.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी घालून दिलेली मोजपट्टी मात्र आपल्या हाती आहे. संस्था आपल्या माणसांची आहे म्हणून तिच्या उणिवांकडे डोळेझाक करण्याची सवय समाजात दिसते, आणि तिची किंमत मुले मोजतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे : मुख्याध्यापकांना आदराने, पण अवश्य विचारावे. यंदा किती मुले शाळा सोडून गेली आणि का? ग्रंथालय किती वेळ उघडे असते? शिक्षकांची नेमणूक कोणत्या निकषावर झाली? वसतिगृहातील मुलांचे म्हणणे कोण ऐकते? असे प्रश्न विचारणे हा संस्थेचा अवमान नव्हे. नागसेनाने मिलिंदाच्या प्रश्नांना टाळले नव्हते.